हंड्यावरची गुळगुळीत जागा

साळुबाईंचं बोट हंड्याच्या गळ्याभोवती फिरत होतं. काठावरचा पोचा त्यांना सापडला होता, झऱ्यावर आपटल्याचा, ओळखीचा. आता त्या अक्षरं शोधत होत्या. ती तिथं नव्हती, हे मला ठाऊक होतं.

त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्या शोधत शोधत आळे गावात माझ्या ओट्यावर आल्या, कारण गिरणीतला बाजार आता कुठेच उरला नव्हता. बंद पडलेल्या तेलगिरणीच्या पत्र्याखाली, पेंडीच्या शिळ्या वासात, आम्ही जुनं विकत असू. पाणी चढू लागलं त्या वर्षांत तिथं गावंच्या गावं सुटी होऊन आली: चौकटी, जाती, पाळणे, हंडे. पुढं गिरणी पाडून मोबाइलचे गाळे बांधले. न विकलेलं मी घरी आणलं.

पितळेवर नाव दिसलं की गिऱ्हाईक हात आखडून म्हणे, "दुसऱ्याच्या लेकीचं नाव कमरंवर कोण मिरवील, राव?" शेजारी जुने रेडिओ मांडून बसणारा गोरख हसे. "घासा, कवी, घासा!" कवितेतला एक शब्द खोडायला मला आठवडा लागे. कानशीनं नावं मात्र मी झरझर उतरवली. आधी वाचत असे, एवढंच. या हंड्यावर कानस खोल गेली, तो झिरपू लागला, म्हणून मागे राहिला.

"हितं व्हतं." बोट थांबलं. "लेकीच्या लग्नात मामानं घोडेगावातनं कोरून आणल्यालं. वरसाच्या आत गेली ती, हंडा तेवढा माघारी आला. गाव उठलं तवा माज्या दिरानं इकला. तिचा फोटू न्हाई, काई न्हाई. हितंच काय ती लिवलेली."

"मावशी, ते मीच घासलं."

त्यांनी मान वर केली नाही.

"मला वाचाया येत न्हाई. तिला यायचं. काय लिवलंय इचारलं की नुसती हसायची, सांगायची न्हाई. मामाची लई लाडकी. तुमी वाचलं आसंल ना आदी? नुसतं नाव व्हतं, का आजून काई?"

मी आठवू लागलो. मांडीवर पडलेला पिवळा कीस आठवला. बोटांना येणारा पितळेचा वास आठवला.

"आठवत नाही," मी म्हणालो. एखादी ओळ रचून सांगणं सोपं होतं. तेवढं धैर्यही झालं नाही. मग घाईघाईनं म्हणालो, "पुन्हा कोरून घेऊ आपण. नारायणगावात ओळखीचा कारागीर आहे. तिचं नाव सांगा, मी लिहून घेतो."

वही ओढून मी पेनाचं टोपण काढलं.

साळुबाईंनी पेनाकडे पाहिलं. मग हंडा उचलून कमरेवर घेतला, भरलेला असावा तसा, हिंदकळू नये अशा बेतानं. आणि पायऱ्या उतरून त्या फाट्याच्या दिशेनं चालू लागल्या.