वरच्या खाचराचा सांडवा

सांजच्याला मी वरच्या खाचराचा सांडवा चिखलानं गच्च बुजवला आन् सकाळी जाऊन बघते तर उघडा. पानी खळाखळा खाली रखमाजी पाटलाच्या भातात चाललेलं. घरात मानसं दोनच, मी आन् माझी सून सरू. मी तर उघडला न्हाई.

तशीच चिखलाच्या पायानं घरात शिरले. सरू चुलीपुढं भाकरी थापत व्हती.

"सांडवा कुनी उघडला गं?"

"मी उघडला, आत्याबाई." एवढं बोलून भाकरी तव्यात टाकली.

"का? बापाचं शेत हाय का ते तुझ्या?"

"खालचं भात पिवळं पडलंय. भुईत हात जाईल एवढाल्या भेगा पडल्यात."

"पडू देत की. रखमाजीच्या छातीवर पडू देत. आवणीच्या टायमाला आला व्हता का त्यो?"

ती गप ऱ्हायली. मला तिच्या त्या गप ऱ्हान्याचाच लय संताप येतो. भांडनारीशी भांडता येतं, हिच्याशी काय करायचं?

तुमाला सगळं सांगते, मग तुमीच म्हना कोन चुकलं. माझा ल्योक हौशीराम लोनावळ्याला रेल्वेच्या गँगात व्हता. घाटात दरड आली आन् त्याच्या कमरेवर धोंडा पडला. मिशनच्या दवाखान्यात पडून ऱ्हायला. तितल्या बाया त्याचं हागमूत काढायच्या, त्याला घास भरवायच्या. आपल्या भावकीतलं एक मानूस बघायला गेलं न्हाई. त्या बायांचं बघून दोघं नवराबायकू किरिस्ताव झाली. मला कळलं तवा मी आदळाआपट केली, मेलास मला म्हनून निरोप धाडला. आन् त्यो खरंच मेला.

सरू बोचकं घेऊन दारात आली. "आत्याबाई, तुमी बी एकट्या आन् मी बी," म्हनली. घेतली घरात. दुसरं काय करनार? हौशाचं नाव काढून माझ्यासंगं रडायला तीच तेवढी व्हती.

रखमाजी पाटील आमच्याच भावकीतला, मला काकी म्हनतो. त्यानं चावडीवर बसून ठरवून टाकलं, की ह्या घरचं पानी प्यायचं न्हाई, विस्तव न्यायचा न्हाई आन् ह्यांच्या बांधावर कुनी पाय ठेवायचा न्हाई. आता आमच्या मावळात भाताची रोपं लावायची आवणी एकट्यादुकट्याची न्हाई. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या, असा सगळा गाव एकमेकांकडं वाकतो. त्या साली आमच्याकडं कुनी वाकलं न्हाई. डोंगरावरच्या वाडीतली बुधा आन् गंगी यायला तयार व्हती, त्यांना बी दम भरला.

मी पदर पसरून पाटलाकडं गेले.

"काकी, तुझ्यावर राग न्हाई," त्यो म्हनला. "सुनंला भैरोबापुढं नारळ फोडाया लाव, नाक घासाया लाव. दुसऱ्या दिवशी आख्खा गाव तुझ्या खाचरात उतरवतो."

मी घरी येऊन सरूला म्हनलं, "एक नारळ गं. मनात नसंना, हातानं फोड. तुझ्या येशूला काय कळतंय हितलं?"

"त्याला न्हाई कळलं तरी मला कळंल," ती म्हनली.

अशी आडमुठी बाई. मग पावसाचं इरलं पाठीवर घेऊन ती एकटी आवणीला लागली. मी दोन वाफे लावले आन् माझी कंबर बसली. ती उजाडल्यापासून दिवस मावळंस्तवर गुडघाभर चिखलात. पायाची बोटं कुजली, ताप आला, तरी सकाळी बांधावर जाऊन बसायची, डोळं मिटून पुटपुटायची आन् उतरायची. तरी अर्धं रोप जाग्यावरच जून झालं. म्हशीला घातलं. म्हंजी त्या साली आमचं सहा म्हयनं उपाशी जायचं ठरलंच.

आन् श्रावनात पाऊस दडी मारून बसला. ऊन असं पडलं की चिखलाचं खापर झालं. आमच्या वरच्या खाचरात तेवढा डोंगराचा झरा पडतो. त्यो भरला की सांडव्यातनं पानी खाली रखमाजीच्या रानात, आन् तितनं पुढं समद्यांच्यात. मी काय केलं, सांडवा बुजवला आन् रोज सांजच्याला जाऊन त्यावर चिखल थापत ऱ्हायले. रखमाजीची मोठी पंचाईत झाली. आमच्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई, हा त्याचाच हुकूम. मग काय, सगळा गाव भैरोबाच्या देवळात जाऊन बसला.

आन् ही बया सांडवा उघडून भाकरी थापतीया.

"तुला राग कसा येत न्हाई गं?" मी विचारलं. "तुझ्या अंगात रगत हाय का ताक?"

तवा तिनं भाकरी बाजूला ठेवली. "येतो की, आत्याबाई. रोज सकाळी बांधावर बसते तवा आधी पाटलाला शिव्याच देते मनात. लय घान शिव्या. मग देवाला म्हनते, ह्यो राग तू घे, मला हे वझं घेऊन वाकता येत न्हाई. त्यो घेतो. मग आवणी होती हातनं. न्हाईतर लावलं त्याच्या अर्धं बी झालं नसतं माझ्यानं."

तेवढ्यात ढोल ऐकू आला.

बाहीर येऊन बघते तर सगळा गाव गुलाल उधळत रखमाजीच्या शेतात. रखमाजीच्या हातात नारळ. "भैरोबा पावला," असं ओरडत व्हता. "रातीत झऱ्याला पानी वाढवलं देवानं."

माझं भैरोबाशी काय वाकडं न्हाई. मी त्याची जत्रा कधी चुकवली न्हाई. पन हे ऐकून माझं डोकं फिरलं. फावडं घेतलं, वरच्या बांधावर गेले आन् समद्यांच्या देखत चार फावडी चिखल सांडव्यात घातला. पानी थांबलं. ढोल बी थांबला.

"आता आना पानी," मी म्हनलं.

समदे त्या सुक्या सांडव्याकडं बघत ऱ्हायले.

"काकी, उघड त्यो," रखमाजी म्हनला.

"तू ये की. ये, ठेव पाय आमच्या बांधावर."

त्यानं पाय उचलला, गावाकडं बघितलं आन् परत व्हता तितंच ठेवला.

मागनं सरू आली. हाताला पीठ तसंच. माझ्याकडं बघितलं न्हाई, त्यांच्याकडं बी न्हाई. खाली वाकली आन् दोन्ही हातांनी चिखल उपसून काढला. पानी तिच्या मनगटावरनं खाली गेलं, रखमाजीच्या पायाशी पोचलं.

रखमाजीची मान खाली गेली. मला वाटलं, आता एक शब्द तरी बोलंल. त्यानं नारळ फोडला आन् ढोलवाल्याला म्हनला, "वाजव रं."

वाजवत गेले. समद्या गावाला खोबरं वाटलं, आमच्या दारापातूर कुनी आलं न्हाई.

सरू बांधावर बसून हात धूत व्हती. मी तिच्याशेजारी टेकले. ती डोळं मिटाय लागली, तसा तिचा हात धरला.

"सरू, तुझ्या देवाला माझ्याकडनं एक सांग."

"काय सांगू, आत्याबाई?"

"म्हनावं, सुनंचा राग घेतोस तर घे. म्हातारीचा घेऊ नको. मला त्या रागाच्याच जिवावर अजून जगायचंय."

हौशा गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली.