वकिलाची लांबी

निवृत्त झाल्यावर निरीक्षकांना तपासायला काही उरलं नाही. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासली होती. घरात तपासण्याजोगी फक्त बायको होती, आणि तिनं पहिल्याच आठवड्यात तपासणीला साफ नकार दिला. मग त्यांनी परसात पाच फूट खोल हौद बांधला आणि त्यात बोटाएवढे सात रंगीत जपानी कोई मासे सोडले.

मासे खात्याच्या शिस्तीत वाढले. दर रविवारी हौदातलं दहावा हिस्सा पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी पिंपात भरून, क्लोरीन उडाल्यावर. रोज सकाळी छोट्या नळीत पाणी घेऊन अमोनिया बघायचा. पाच मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाकायचं, उरलेलं जाळीनं काढायचं. पाणी फार गार झालं की खाणं बंद.

"मला ताप आला की घरात थर्मामीटर सापडत नाही," बायको म्हणायची. "तो माशांच्या सेवेत असतो."

बायको शिवणकाम करायची. मशीन पुढच्या खोलीत होतं. गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं राहिलं की टीव्ही दिसायचा नाही, आणि टीव्ही बघणाऱ्याला भलतंच काहीतरी दिसायचं. दाराजवळची छोटी खोली माशांच्या खाण्याच्या पोत्यांनी अडवली होती. तिला परसात शिवणखोली हवी होती. परसात हौद होता. त्यावर बरीच बोलाचाली होऊन शेवटी निरीक्षकांनी करार लिहिला: पाच वर्षांत एक तरी मासा दोन फूट लांब व्हावा. न झाल्यास हौद बुजवून तिथे शिवणखोली. मोजणी बायको करील. दोघांनी सह्या केल्या.

पाच वर्षं भरली त्या दिवशी लेक साक्षीदार म्हणून वही घेऊन आली. सगळ्यांत मोठ्या माशाला ती वकील म्हणायची, कारण पांढऱ्या अंगावर काळा कोट होता आणि तोंड सारखं चालू असायचं. निरीक्षकांनी त्याला जाळीनं हळूच हाकत आणून पाण्याखालीच निळ्या टबात घेतलं. जाळीत उचललं तर खवले निघतात.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "त्यापुढे तो घाबरतो."

"तुमच्यापेक्षा बरा दिसतोय," असं म्हणत बायकोनं बाह्या सारल्या आणि वकिलाच्या तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप धरली. निरीक्षक वाकले. त्यांना तेवीसचा आकडा दिसला. चष्मा पुसून पाहिलं तरी तेवीसच. हौद गेला.

"लांबी चोवीस," बायको खणखणीत आवाजात म्हणाली. "पोट सोळा."

लेकीनं लिहून घेतलं आणि टाळी वाजवली. "दोन फूट! बाबा, जिंकलात!"

निरीक्षकांनी वकिलाला हौदात सोडलं. तो तळाशी गेला. गप्प राहायला त्यांना कुणाची हरकत नव्हती. त्यांनी जाळी झटकून भिंतीला टेकवली.

"तेवीस आहे," ते म्हणाले.

"काय तेवीस?"

"मासा. मी टेप बघितली."

बायकोनं टेपेकडे पाहिलं, मग ओल्या हातांकडे. "अगंबाई. मी माया धरून सांगितलं."

"माशाला कसली माया?" लेक म्हणाली.

"शिलाईत जाते ती, जादा कापडाची, गं. कापड बेतणारा आमचा कटर सांगितलेल्या मापावर जशीच्या तशी कात्री चालवतो, म्हणून मी इंचभर धरूनच सांगते. सवय लागलीय तोंडाला."

"माशाला शिलाई नसते," निरीक्षक म्हणाले. "वहीत तेवीस लिही. हौद बुजवायचा."

"खोडायचं नाही!" बायको एकदम म्हणाली.

लेकीचं पेन वर राहिलं. "आई, अगं, तुलाच खोली मिळतेय ना?"

"मिळू दे नाहीतर न मिळू दे. मी सांगितलेलं माप आजवर वहीत खोडलेलं नाही. एकदा खोडलं की गल्लीभर होईल, बाईंचा हात गेला म्हणून."

"कोण सांगणार गल्लीत?"

"तू."

लेकीनं पेनाला टोपण लावलं.

"अगं, पण हे खोटं माप आहे," निरीक्षक कळवळून म्हणाले. "अशा मापाला मी दंड करायचो."

"करा मग. ती माशांच्या खाण्याची खोली आहे ना, दाराजवळची? ती मला द्या. हा दंड."

"दंड तुला व्हायला हवा."

"मग मी भरते. पोती मी स्वतः उचलते."

निरीक्षकांनी विचार केला. कुठल्याच नियमात हे बसत नव्हतं. "खाण्याला ओल लागली तर बुरशी धरते," ते शेवटी म्हणाले.

"पलंगाखाली कोरडं असतं."

संध्याकाळपर्यंत मशीन दाराजवळच्या खोलीत गेलं आणि माशांच्या खाण्याची चार पोती निरीक्षकांच्या पलंगाखाली आली. बायको पडदे लावत होती तेव्हा त्यांनी वही उघडली. 'लांबी २४' च्या खाली लाल शाईनं 'निव्वळ २३' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोनं ते वाचलं. वरचा आकडा खोडलेला नाही एवढं बघून तिनं वही मिटली आणि कपाटात ठेवली.