पाणी वाजतंय का?

मित्रांनो, दवाखान्यातल्या लोखंडी कपाटावर, पोस्टरांच्या गुंडाळ्यांशेजारी एक निळा डबा दिसतो ना, तो मी. लसी न्यायचा जुना डबा. झाकण कधीकाळी पांढरं होतं, आता पिवळट पडलंय. पट्टा एका बाजूनं तुटला, तिथे कुणीतरी सुतळी बांधलीय. मला आता कुणी खाली काढत नाही. दिवसभर मी अर्धवट झोपेत असतो, आणि झोपेत मला थंडी आठवते.

तुम्हाला थंडी वाजते. माझ्या पोटात ती राहायला यायची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते धड आठवत नाही. गरम प्लॅस्टिकचा वास, साच्याची घट्ट मिठी, मग दोन भिंतींच्या मधे भरलेला फेस. त्या फेसामुळे बाहेरचं ऊन आत येत नाही आणि आतला गारवा बाहेर जात नाही. पुण्याला आलो ट्रकमधून, सगळी निळी भावंडं एकावर एक. वाटेत मला वाटत होतं, आपल्यात नक्की कुल्फी ठेवणार.

कुल्फी नाही, लस आली. आणि श्यामलाबाई आल्या.

श्यामलाबाई दवाखान्याच्या नर्स. राहायच्या सदाशिव पेठेत, काम येरवड्याच्या पलीकडच्या चिंचबन वस्तीत. रोज सकाळी मला खांद्याला लावायच्या आणि चालायला लागायच्या. त्यांच्या कमरेवर आपटत आपटत मी ती वस्ती शिकलो. नळावरची भांडणं, रॉकेलचा वास, पत्र्यावर वाळणारे कपडे. बाईंचं बोलणं तिखट. एखादी आई म्हणायची, "बाई, बाळ रडेल हो." तर त्या सुई भरता भरता म्हणायच्या, "रडू दे. हसत टोचून घेणारं बाळ मी अजून पाहिलेलं नाही." पण हात असा हलका, की बाळाला रडायचं आठवेपर्यंत काम झालेलं असायचं.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझ्यात चार आइसपॅक बसतात. आइसपॅक म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या डब्या. पोलिओच्या रविवारी त्या दगडासारख्या टणक लागतात, कारण पोलिओच्या थेंबांना जितकं गार तितकं बरं. सोमवारी मात्र त्रिगुणी लस असायची. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, तिघांना अडवणारी. तिला गारवा लागतो, पण ती गोठली की मेली. वरून चटकन काही कळत नाही, नुसती आतून मरते. म्हणून सोमवारी आइसपॅक आधी टेबलावर काढून ठेवायच्या, त्यांना घाम फुटू द्यायचा. मग बाई एकेक डबी कानाशी धरून हलवायच्या. आत पाणी वाजलं की मगच ती माझ्यात.

तो आवाज मला फार आवडायचा. लांब कुठेतरी बंद खोलीत नदी जागी होतेय, असं वाटायचं.

चिंचबनात मैना नावाची एक बाई होती. तिच्या थोरल्या पोराला, संपतला, लस टोचल्यावर दोन दिवस ताप आला होता. ताप उतरला, पण मैनाच्या मनातली भीती काही उतरली नाही. धाकटी विजू झाल्यावर तिनं सांगून टाकलं, "माझ्या पोरीला सुई न्हाई लावायची."

श्यामलाबाई चार सोमवार तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. लसीचं नावही काढायच्या नाहीत. पाणी मागायच्या, विजूच्या पायाला हात लावायच्या, उठायच्या. त्याच थंडीत पलीकडच्या गल्लीत एका बाळाला डांग्या खोकला झाला. खोकून खोकून ते निळं पडायचं. ते मैनानं पाहिलं. चौथ्या सोमवारी ती म्हणाली, "आणते पुढल्या खेपेला. पर तुमच्या भरवशावर, बाई."

पुढची खेप आली ती नेमकी पोलिओच्या रविवारानंतरची.

रविवारी बाई दिवसभर देवळाच्या ओसरीत थेंब पाजत होत्या. संध्याकाळी दारोदार फिरून खडूनं खुणा करत होत्या. सोमवारी सकाळी डोळे उघडे होते, पण हात अजून रविवारातच होता. त्या हातानं फ्रीजर उघडला, चार आइसपॅक काढल्या आणि तशाच, दगड, माझ्यात ठेवल्या. मधे त्रिगुणीच्या तीन बाटल्या. झाकण बंद.

मित्रांनो, मला कळलं होतं. आत कसलाच आवाज नव्हता. बाटल्या आधी कुडकुडल्या, मग गप्प झाल्या. मला ओरडायचं होतं. पण मला तोंड आहे ते फक्त उघडझाप करण्यापुरतं. थंडी धरून ठेवायची एवढंच माझं काम, आणि त्या दिवशी मी ते फार चांगलं केलं.

वस्तीत पोहोचून सगळं मांडेपर्यंत बाहेर काढलेल्या दोन बाटल्यांमधली गोठलेली लस पुन्हा पातळ झाली होती. ओसरीत धुकं, अंधूक उजेड. मैना विजूला घेऊन सगळ्यांत पुढे उभी, आता पळते की मग पळते अशी. बाईंनी घाईनं बाटली हलवली, सुई भरली, टोचली. विजू रडली. मैनानं डोळे मिटून घेतले. त्या दिवशी अकरा बाळांना टोचून झालं.

दुपारी दवाखान्यात परत आल्यावर सरुबाईनं मला उघडलं. ती दवाखान्यातली आया. उरलेली बाटली उजेडात धरून म्हणाली, "बाई, ह्ये बगा. दूध नासल्यागत दिसतंय."

श्यामलाबाईंनी बाटली घेतली, जोरात हलवली आणि खिडकीत उभी ठेवली. चांगली लस बराच वेळ दुधासारखी पांढरी राहते. ही बघता बघता निवळली. कण खाली बसले, वर नितळ पाणी. बाई तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या. मग माझ्यात हात घालून एक आइसपॅक काढली, कानाशी धरली. दुपार झाली तरी ती अर्धी टणकच होती.

"अकरा लेकरं," त्या म्हणाल्या.

"पाणी टोचलं असं समजा की," सरुबाई हळूच म्हणाली. "इख तर न्हाई ना दिलं? कार्डावर तारीख पडलीय. कुनाला कळतंय?"

बाईंनी ती बाटली उचलली. उठून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"अकरांना परत टोचावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्हाला मेमो मिळेल, माहीत आहे ना?"

"मिळू द्या. फ्रेम करून लावीन."

पण बाहेर येऊन त्यांनी अकरा नावांची यादी केली, तेव्हा मैनाचं नाव सगळ्यांत शेवटी टाकलं. मेमोची भीती नव्हती ती. भरवशावर आणते, असं म्हणणाऱ्या मैनाची होती. आज तिनं दार लावून घेतलं, तर ते परत उघडणार नाही. विजूलाही नाही, आणि तिच्याकडे बघून थांबलेल्या इतरांनाही नाही.

ऊन उतरायच्या आत आम्ही परत चिंचबनात होतो. माझ्यात दोन आइसपॅक, एक दगड आणि एक घाम फुटलेली. आणि ती मेलेली बाटली. दहा घरं झाली. कुणी हात जोडले, कुणी शिव्या घातल्या. मैनाचं घर बाईंनी शेवटी ठेवलं होतं.

विजूला ताप आला होता. मैनानं सगळं ऐकून घेतलं. बाटली पाहिली, बाईंनी दाखवलं तशा दोन्ही डब्या कानाशी हलवून पाहिल्या.

"म्हंजी माझी पोर उगाच रडली?"

"हो."

"आनि आता परत टोचनार?"

"पुढच्या सोमवारी. तू हो म्हणालीस तर."

"तुमी सांगितलं नसतं, तर मला कळलं असतं का?"

"तुला नसतं कळलं. घटसर्पाला कळलं असतं."

मैनानं विजूला उचलून कडेवर घेतलं. मग दार लावून घेतलं.

तो आठवडा मी रोज एकच स्वप्न पाहिलं. एक लांबच लांब गल्ली, सगळी दारं पांढरी, बर्फाची. आणि बाई एकेका दाराला कान लावून हलवून बघतायत.

सोमवार आला. आइसपॅक तासभर टेबलावर होत्या. बाईंनी प्रत्येक डबी दोनदा ऐकली. ओसरीत नऊ बाळं आली, दहावं गावाला गेलं होतं. बाई माझं झाकण लावणार, एवढ्यात मैना आली. विजू कडेवर. पोरीचा पाय पुढे न करता तिनं आपला हात पुढे केला.

"आदी ती बर्फाची डबी द्या."

बाईंनी दिली. मैनानं ती कानाशी धरली, हलवली. पुन्हा हलवली. मग तिनं ती विजूच्या कानाशी नेली. गार लागलं म्हणून विजू आधी दचकली, मग हसली.

"वाजतंय," मैना म्हणाली. "टोचा."

श्यामलाबाईंचे डोळे भरून आले होते. पण बोलल्या त्यांच्याच पद्धतीनं, "बघ, हसत टोचून घेणारं बाळ आज पाहिलं."

तेव्हापासून चिंचबनाची रीतच पडली. सुईच्या आधी आयांचे हात पुढे यायचे. "बाई, पाणी वाजतंय का?" डबी एका कानावरून दुसऱ्या कानावर फिरायची, आणि बाई कधी चिडल्या नाहीत. पुढे त्या निवृत्त झाल्या. माझा पट्टा तुटला, नवे डबे आले, मी कपाटावर चढलो. कोळ्यानं माझ्यात घर केलंय. असू दे, त्यालाही गारवा आवडत असेल.

मला एवढंच मागायचंय. खांद्याला निळा डबा लावून कुणी बाई तुमच्या दारात आली, तर तिला सावलीत बसायला जागा द्या. तिला विचारा, पाणी वाजतंय का. तिला राग येणार नाही, बरंच वाटेल. आणि तुमच्या हातून कधी अशी चूक झाली, जी तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाही, तर तेवढं परत जा. त्या दारापर्यंत.

आता खाली सकाळ होतेय. नवी नर्स आलीय, नाव अजून मला माहीत नाही. टेबलावर डब्यांना घाम फुटलाय. तिनं एक उचलली, कानाशी नेली.

मीही ऐकतोय. श्वास रोखून.

वाजलं.