सागवानी जबडा आणि कालिंदीचा लाडू

मित्रांनो, माझ्या तोंडात बत्तीस दात होते, पण जन्मात मी एक घासही चावलेला नाही. मी एक जुना सागवानी जबडा आहे. वर अर्धी कवटी, खाली हलणारा जबडा आणि दोहोंना बांधणारे चामड्याचे पट्टे. सध्या माझा मुक्काम कळंब्याला, एका सुताराच्या घरात खिडकीशेजारच्या फळीवर आहे. समोरचा एक दात तुटलाय. त्याला हसू नका हं, त्याची मोठी कथा आहे.

माझा जन्म कोल्हापुरातला, शाहूपुरीतल्या एका बोळातला. देशाला स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. त्या बोळात डॉक्टर दत्तोपंतांचा दवाखाना होता. मुलींच्या शाळेत ते शरीराची माहिती शिकवायला जात. पण खरी कवटी पिशवीतून काढली की निम्म्या मुली किंचाळत बाकाखाली! शेवटी ते शेजारच्या आकाराम सुताराला म्हणाले, "आकाराम, मला लाकडाची एक करून दे. भीती वाटायला नको, पण खोटीही असायला नको."

आकारामनं खरी कवटी समोर ठेवली आणि मला तासलं. चपला शिवणाऱ्या पिराजीकडून चामडं आणलं. पट्टे शिवायला बसली त्याची दहा-अकरा वर्षांची लेक कालिंदी. पोरगी अशी चौकस की बापाला प्रश्नांनी भंडावून सोडायची.

पट्टे म्हणजे माझे स्नायू. पहिला जाड पट्टा बसला माझ्या गालावर. दात घट्ट आवळा आणि गालावर हात ठेवा, तुमचाही टणक लागेल. दुसरा कानशिलावर, पंख्यासारखा पसरलेला. तिसरा जबड्याच्या आतल्या अंगाला, गालावरच्याचा जोडीदार. तिन्ही ओढले की माझं तोंड खटकन मिटायचं. आकाराम खूश झाला. कालिंदी मात्र मला हातात घेऊन फिरवत बसली.

"आबा, ही तिन्ही तोंड मिटणारीच हायती की. मग उघडतंय कोण?"

आकारामनं डोकं खाजवलं आणि पोरीला डॉक्टरांकडे पिटाळलं. दत्तोपंतांना कोण आनंद झाला! "शाब्बास! कानाच्या पुढे बोट ठेव आणि तोंड उघड बघू मोठं."

"अगं बया! काका, हितं कायतरी फुडं सरकतंय!"

मित्रांनो, तुम्हीही करून बघा, मी थांबतो. सरकलं ना? दाराची बिजागरी जागच्या जागी फिरते. जबड्याच्या वरच्या टोकाची गोल गुंडी मात्र फिरते आणि खोबणीतून पुढे सरकतेही. तिला पुढे ओढणारा स्नायू बाहेरून दिसतच नाही. गालाच्या हाडामागे, जबड्याच्या आड एक अरुंद जागा आहे. नसा आणि रक्तवाहिन्यांची तिथं नुसती दाटी! त्या दाटीत तो बारका गडी आडवा पडलेला असतो. हनुवटीखालचे स्नायू मदतीला असतात, पण तोंड मोठं उघडायचं तर ह्याच्यावाचून चालत नाही. आकारामची जाड बोटं तिथं शिरेनात. कालिंदीची शिरली. तिनं तो चौथा पट्टा शिवला आणि माझं तोंड पहिल्यांदा खऱ्यासारखं उघडलं.

मग काय, माझी ऐट विचारू नका! शाळेत मुली रांग लावून मला उघडत, मिटत. पण काही वर्षांनी मुंबईहून रंगीत प्लास्टरचा चेहरा आला आणि मी दत्तोपंतांच्या कपाटात गेलो. काळोखात कुणी प्रश्न विचारीना. उंदरांनी गालाचा पट्टा कुरतडला. फार वाईट वाटलं मला.

छप्पन साली कपाट आवरताना दत्तोपंतांना मी सापडलो. त्यांचा उजवा हात तेव्हा झोळीत होता, पन्हाळ्याच्या उतारावर सायकल घसरली होती. डाव्या हातात मला धरून ते आकारामकडे आले, तर तिथं कालिंदीच्या लग्नाची गडबड! तरी हळद लागायच्या आधी पोरीनं माझा पट्टा नवा शिवला आणि मला ओसरीतल्या फळीवर ठेवलं. म्हणून तर पुढचं सगळं मला दिसलं.

नवरा मुलगा बाळासो, कळंब्याच्या केरबाचा. बापलेक बैलगाड्या बनवायचे. लग्न लागलं, पंगत बसली. आता नवरानवरीनं एकमेकांना घास भरवायचा. कालिंदीनं नाव घेऊन लाडू उचलला, तोही कसला, चांगला नारळाएवढा! बाळासोचे तालमीतले दोस्त ओरडले, "अख्खा खा, बाळ्या! तालमीची अब्रू घालवू नगंस!"

बाळासोनं आ वासला. अजून वासला. कानापाशी कट्कन वाजलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मिटेचना! लाडू पडला, डोळ्यांत पाणी आलं, लाळ गळायला लागली.

"काय चारलंस गं माझ्या लेकराला?" त्याची आत्या अंबूबाई कडाडली. "करणी हाय ही! पांढऱ्या पायाची हाय पोरगी!"

कुणीतरी उपरणं हनुवटीखालून डोक्यावर आवळलं आणि दोघे जण वर ओढायला लागले. बाळासो गुरासारखा विव्हळत होता. केरबानं काठी आपटली. "आकाराम पावणं, पोराचं त्वांड मिटल्याबिगर तुमची लेक आमच्या उंबऱ्यात येणार न्हाय. ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

आकाराम विनवण्या करायला लागला. दत्तोपंत ओरडत होते, "अहो, वर ओढू नका!" पण त्या कालव्यात त्यांचं ऐकतो कोण? तेवढ्यात मुंडावळ्या मागे सारत कालिंदी उठली आणि तिनं मला फळीवरून खाली घेतलं.

"मामंजी, हे बघा." तिनं माझं तोंड इतकं ताणलं की माझ्या गुंड्या खोबणीपुढचा उंचवटा ओलांडून पलीकडे अडकल्या. "मिटवा आता."

"नवी नवरी आन् त्वांड वर करून बोलतीया!" अंबूबाई म्हणाली. पण केरबा पडला सुतार. लाकूड हातात आल्यावर त्याला राहवेना. त्यानं खालून वर रेटलं. पट्टे ताणले, मी हललो नाही. त्यानं चिडून जोर लावला आणि काड्! माझा समोरचा दात उडाला.

"ह्योच परकार तुमी ह्यांचा चालवलाय," कालिंदी म्हणाली. "गुंडी उंचवट्याम्होरं अडकलीया. वर वडलं की जास्तच अडकतीया." तिनं माझ्या दाढांवर अंगठे ठेवले, आधी खाली दाबलं, मग मागं ढकललं. खट्! मी मिटलो.

दत्तोपंत म्हणाले, "अगदी बरोबर. माझा हात झोळीत आहे. मी सांगतो, हात तिचे. उशीर कराल तर स्नायू आणखी आवळतील."

केरबानं काठी बाजूला ठेवली. बाळासोनं स्वतःच उपरणं ओरबाडून काढलं, मांडवाच्या खांबाला पाठ टेकून तो खाली बसला आणि त्यानं बायकोपुढे हात जोडले.

कालिंदीनं अंगठ्यांना पट्टी गुंडाळली. मी पडलो लाकडाचा, माझं काही दुखत नाही. हा जिवंत माणूस होता.

"मागच्या दाढांवर," दत्तोपंत म्हणाले. "दाब खाली. आणखी खाली. घाबरू नकोस. हं, आता मागं!"

खट्!

"आई गं!" किंचाळली मात्र कालिंदी. जबडा बसला तो तिच्या अंगठ्यावरच. बाळासोनं घाईघाईनं तिचा हात सोडवला आणि त्याचे पहिले शब्द आले, "लागलं व्हय गं तुला?"

अंबूबाई रडायला लागली. मग तिनंच लाडवाची कणभर भुकटी कालिंदीच्या ओठाला लावली. "चुकलं माझं, पोरी. चल घरला."

दत्तोपंतांनी मला आहेरात देऊन टाकलं. कळंब्याला दारात बहिणींनी नवऱ्यामुलाला अडवलं, नाव घेतल्याशिवाय सोडेनात. डॉक्टरांनी बजावलेलं, तोंड बोटभरच उघडायचं. तेवढ्यातूनच बाळासो म्हणाला, "लाडू केवढा, आ केला तेवढा, कालिंदीनं जाग्यावर आणला माझा जबडा!"

मित्रांनो, घास लहान घ्या. जबडा अडकला तर उगाच कुणी ओढाताण करू नका, डॉक्टरांना गाठा. आणि माझ्यासारखं जुनं कुणी कपाटात असेल तर अधूनमधून बाहेर काढा, प्रश्न विचारा. नाहीतर उंदीर आहेतच.

परवा बाळासो पटाशी आणि सागाचा तुकडा घेऊन माझा दात बसवायला आला होता. कालिंदीनं त्याचा हात धरला.

"नगं," ती म्हणाली. "त्यो पडला म्हणून मी ह्या घरात हाय."