कण्हेरीची ओटी

सोमवारी मी मुळासकट उपटलेली कण्हेर बुधवारी सकाळी आमच्या सोफ्यावर बसली होती. मुळांना अजून ओली माती होती, म्हणून हेमांगीने खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं.

"अहो, पाहुण्या आल्यात," ती म्हणाली.

मी हातमोजे चढवले. आमची लेक गारू चौदा महिन्यांची आहे, दिसेल ते तोंडात घालते. आणि कण्हेरीचं पान, फूल, शेंग, सगळंच विष. म्हणून तर रजा काढून मी कुंपणालगतचा धोत्रा आणि ही कण्हेर काढली होती. जाळली नाही, कारण धूरही वाईट. गोणीत भरून घंटागाडीत टाकली. इतकं शहाण्यासारखं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

"मग धोत्रा कसा नाही आला?" मी विचारलं.

"त्याची कुठे ओटी भरली होती?"

तेव्हा कुठे मला कळलं. फुलतं झाड काढायचं तर आदल्या दिवशी त्याला विचारावं, असं शेजारच्या साळवीकाकूंनी तिला सांगितलं होतं. हेमांगीने विचारलं. वर हळदकुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली आणि सवयीने म्हणाली, "परत या हं."

"झाडाला असं म्हणतं का कोणी?" मी खेकसलो.

"ओटी भरल्यावर दुसरं काय म्हणतात?"

मी कण्हेर उचलली आणि दाराकडे निघालो. सोफ्यापासून दार आठ पावलांवर आहे. मी तीस पावलं चाललो. दार दूर गेलं होतं आणि चटईवर खेळणारी गारू माझ्या पायाशी आली होती. मी कण्हेर पुन्हा सोफ्यावर ठेवली.

"सवाष्णीला उपाशी कसं घालवायचं?" हेमांगी म्हणाली आणि तिने पान वाढलं.

वरणभात खालून कमी होत गेला. दर घासाला कण्हेरीला एक कळी येत होती. भिंती जवळ आल्या. ताट संपेपर्यंत आम्ही चौघं गुडघ्याला गुडघे लावून बसलो होतो. मी गारूला छातीशी घट्ट धरलं होतं. इतका मी कधीच भ्यायलो नव्हतो.

"निघते आता," कण्हेर म्हणाली.

सुटलो या आनंदाने मला रडूच यायचं बाकी होतं.

"पण लेकराच्या हातावर काही ठेवल्याशिवाय कशी जाऊ?"

"नको, नको," मी म्हणालो.

"असू दे हो. लहान आहे."

"खरंच नको."

"तुमच्यासाठी नाहीये ते."

"अहो, कशाला उगाच," हेमांगी म्हणाली, आणि रीतीप्रमाणे तिने गारूला माझ्या हातातून घेऊन पुढे केलं.

मी ओरडून नको म्हणालो. पण नको तर सगळेच म्हणतात. खरं नको कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

फांदी गारूच्या हातापर्यंत खाली वाकली. मग खोली होती तेवढी झाली, दार जागेवर आलं, आणि पायरीवरून माती सांडत कण्हेर फाटकाबाहेर गेली.

गारूची मूठ मिटलेली होती. मी तिची बोटं एकेक करून उघडायला लागलो. ती बोटं आतून कोणीतरी धरून ठेवली होती.