पाऊसबागेचा अहवाल

‘माळ्याच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे पाऊसबाग निष्फळ ठरली.’ अहवालातील हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्याचा गुण तेवढाच.

रस्त्यावरचे पाणी उद्यानातल्या खळग्यात मुरावे आणि उताराखालच्या वस्तीच्या विहिरीला मिळावे, हे काम तीस वर्षे बिनबोभाट चालले होते. माळी खळग्यातला गाळ काढी, पाणी दोन दिवसांत जिरे. याला योजना म्हणतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग एक विद्वान उद्यानरचनाकार अवतरला. त्याने खळगा गोल केला, काठाला शोभेची झाडे लावली, त्याचे नाव ‘पाऊसबाग’ ठेवले आणि ‘निसर्गाधारित उपाय’ असा फलक ठोकला. त्या पावसाळ्यात खळग्यात महिनाभर पाणी तुंबले, झाडे कुजली, विहीर आटली. वरच्या अहवालावरून माळ्याला नोटीस आली: आठ दिवसांत खुलासा, अन्यथा बडतर्फी.

“अहो, जन्मभर मातीत हात घातलेत, आता जरा कागदात घाला!” बायको म्हणाली.

“कागदात काय उगवतंय? मी मातीतच बघतो.”

त्याने एक मेलेले झाड उपटले. मुळे खाली न जाता थाळीसारखी आडवी पसरली होती. तो समजायचे ते समजला.

चौकशीला अधिकारी बाई आल्या, रचनाकारही आला.

“काका, निसर्गाला वेळ द्यावा लागतो हो,” रचनाकार म्हणाला.

“दिला की, साहेब. मुळं सडली तरी तुमचा निसर्ग हूं की चूं करेना!”

माळ्याने ठिकठिकाणी कुदळ मारली. हातभर खाली काळे प्लास्टिक निघाले, खळग्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. त्याने ते फाडून खालची माती बाईंच्या तळहातावर ठेवली. “बघा मॅडम. वर तळं, खाली धूळ.”

“हे नकाशात का नाही?” बाईंनी विचारले.

रचनाकाराने ठेकेदाराचे नाव घेतले. बाईंनी कामाची आदेशवही मागवली. प्लास्टिक अंथरण्याच्या आदेशाखाली सही रचनाकाराचीच होती, वळणदार. त्यानंतर नोंदवलेला त्याचा जबाब जसाच्या तसा असा:

“उद्घाटनाला पाहुण्यांना पाणी दिसायला हवं होतं. मुरलेलं पाणी दिसत नाही, म्हणून मीच प्लास्टिक घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काढणार होतो, पण फोटो फार छान आले.”