मेहुण्याची फाइल

"आता गाल फुगवा," सर्जनबाई म्हणाल्या.

मेहुण्यानं गाल फुगवले. डावा टम्म फुगला. उजवीकडून मात्र ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुस्सकन निघून गेली आणि तो स्वतःच हसला. म्हणजे अर्धा हसला.

"दात दाखवा बघू."

"दिवसभर दाखवतोच की, बाई. पण हल्ली निम्मेच निघतात. मी काचेचा भाव सांगतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपल्यालाच तोंड वाकडं करून दाखवतोय."

सर्जनबाई हसल्या. मागे भिंतीला टेकून अंग चोरून उभे असलेले त्याचे भाऊजी मात्र हसले नाहीत. ते याच इस्पितळात तळमजल्यावर, नोंदींच्या खोलीत कामाला होते. कोणाचा जबडा मोडलेला, कोणाचं नाक फुटलेलं, कोणाच्या डोळ्याखालचं हाड खचलेलं. डॉक्टर घाईघाईनं खरडून ठेवत आणि भाऊजी त्याचे कोड लावत. कुठलं हाड, कुठली बाजू, जखम वरवरची की खोल. पेशंटला पुन्हा कुठल्या विभागात बोलवायचं, की टाके काढायला जवळच्या दवाखान्यात धाडायचं, ते त्या कोडवरून ठरे. इतकी वर्षं हे काम कोणाकडे न झुकता करून त्यांना ऑफिसात 'तराजू' हे नाव पडलं होतं. नाव चिडवण्यासाठी पडलं होतं, पण त्यांना ते मनातून आवडायचं.

"गालातली नस तुटलीय," सर्जनबाई म्हणाल्या. "काच लागली त्याच आठवड्यात आला असतात, तर टोकं शोधून जोडता आली असती. आता तीन महिने उलटले. प्रयत्न करू, पण पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही. तेव्हाच माझ्याकडे कसं पाठवलं नाही तुम्हाला?"

"चिठ्ठीत लिहिलं होतं, टाके कुठेही काढा. आम्हाला वाटलं सूज आहे, उतरेल." मेहुण्यानं मागे मान वळवली. "आणि भाऊजी इथलेच. म्हणून मी आपला निर्धास्त."

तराजूंनी मान फिरवली. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

अपघात झाला त्या दिवशी बायको रडवेली होऊन म्हणाली होती, "अहो, माझ्या भावाचं जरा बघा हं." त्यावर ते उखडले होते. "माझ्या टेबलावर भाऊ-बहीण काही नसतं." दुसऱ्या दिवशी फाइल आली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "मी करू का ही? घरची आहे ना तुमच्या?" तर म्हणाले, "कशाला? मला सगळ्या सारख्याच."

डॉक्टरांनी लिहिलं होतं, उजव्या गालावर काचेची जखम, खोल, आणि पुढे प्रश्नचिन्ह. असं प्रश्नचिन्ह दिसलं की तराजू फाइल काखेत मारून जिना चढत आणि डॉक्टरांना गाठत. डॉक्टर वैतागत, पण सांगत. त्या दिवशीही ते खुर्चीतून उठले होते. मग वाटलं, आपण मेहुण्याची फाइल घेऊन वर गेलो, की उद्या सगळे म्हणणार, बघा, तराजूही घरच्यांकडे झुकला. ते पुन्हा बसले. शंका असेल तर कमी धरा, असं नियमात होतंच. त्यांनी 'वरवरची' असा कोड घातला आणि घरी जाऊन चांगले पोटभर जेवले. आता ते जेवणच त्यांना सारखं आठवत होतं.

दुपारी त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नियमात बसतं तुमचं. कोणी बोट ठेवू शकणार नाही." बिचाऱ्या धीर द्यायला गेल्या, पण तराजूंना ते जास्तच लागलं. कोणी बोट ठेवू नये, एवढ्यासाठीच तर त्यांनी हे करून ठेवलं होतं.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. बायको आत चहा टाकत होती.

"काय भाऊजी, नस माझी तुटली आणि जीभ तुमची गेली की काय? सकाळपासून बघतोय."

"तुझी फाइल मी केली होती," तराजू म्हणाले. "डॉक्टरांना शंका होती, जखम खोल असेल म्हणून. वर जाऊन विचारायचं माझं काम होतं. मी नाही विचारलं. कमी धरून मोकळा झालो. म्हणून तुला त्या सर्जनबाईंकडचं बोलावणं गेलं नाही."

"का नाही विचारलंत?"

"तू मेहुणा म्हणून. लोक म्हणाले असते, घरच्या माणसासाठी खटपट करतोय."

मेहुण्यानं जरा विचार केला. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "आणि माझ्या जागी परका असता तर?"

"तर गेलो असतो वर."

"नक्की?"

"आजवर कधी चुकवलं नाही."

तराजू त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानं आरडाओरडा करावा, चार शिव्या हासडाव्यात, असं त्यांना फार वाटत होतं. चेहऱ्याची उजवी बाजू तर हलणार नव्हतीच. पण डावीही हलली नाही.

बायको चहा घेऊन आली. "काय रे, एवढे गप्प का दोघं?"

"काही नाही गं ताई. भाऊजी त्यांच्या कामाचं सांगत होते. बरंच किचकट असतं." त्यानं ओठाचा उजवा कोपरा बोटानं दाबून धरला आणि चहा घ्यायला लागला. अर्धा कप झाल्यावर उठला. "येतो गं ताई."

तराजू दारापर्यंत गेले. मेहुण्यानं खाली वाकून चपला घातल्या आणि वर न बघता जिना उतरून गेला. त्याची पावलं वाजायची थांबेपर्यंत तराजू दार धरून उभे होते.

"असा कसा गेला हा?" बायको कप उचलत म्हणाली. "चहाही अर्धा ठेवला. तुम्हाला तर 'येतो' पण नाही म्हणाला. काही बोललात का त्याला?"

तराजूंनी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"बस जरा," ते म्हणाले.